तळहातावरचं पान

कडुनिंब कोणता आणि बकाण कोणता, हे मला कळत नव्हतं, तेव्हापासून सांगते.

१९४४च्या डिसेंबरात हेडबाईंनी मला खोलीत बोलावलं. जूनपासून शाळेत बागकाम हा विषय सुरू होतोय आणि तो मी शिकवायचा आहे, असं त्यांनी सांगितलं. नगरच्या त्या शाळेत मी सात वर्षं चौथीला गणित शिकवत होते. झाडांशी माझा संबंध भाजीच्या जुडीपुरता. तसं मी बोलून दाखवलं, पण हेडबाई हसल्या नाहीत. लढाईमुळे धान्याची ओरड होती, शाळांनी मोकळ्या जागेत काहीतरी पिकवावं असं वरून आलं होतं, आणि एक शिक्षिका कमी करा असंही वरूनच आलं होतं. पुढच्या नोव्हेंबरात तपासनीस येणार. शंभर झाडं नावानिशी ओळखून दाखवली आणि एक कलम बांधून दाखवलं, तर साराबाई, म्हणजे मी, कायम. नाहीतर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

घरात मी आणि आई, दोघीच. माझा धाकटा भाऊ डेव्हिड पलटणीत ड्रायव्हर होता. सिंगापूर पडलं तेव्हा तो तिथे होता. त्यानंतर कैदेतून एक छापील कार्ड आलं, मग काहीच नाही. आई रोज संध्याकाळी त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि मी त्याचा फोटो बघायची. भरतीच्या वेळचा तो एकच फोटो होता. हसू दाबून धरलेलं, हनुवटीवर विटी लागल्याची खूण. ती विटी मीच मारली होती.

भिंगारच्या वाटेवर आप्पासाहेब नावाच्या गृहस्थांची रोपांची बाग होती. ते पुण्याला राहत आणि वर्षातून एकदा येऊन आंबे नेत. बाकी सगळी बाग सूर्यभान माळ्याच्या हातात. साठीचा, उंच, डोक्याला मळकं मुंडासं. झाडातला त्याच्याइतका जाणता माणूस जिल्ह्यात नाही असं लोक सांगत. त्याने मला पहिल्याच दिवशी "ये, बाळ" म्हटलं. माझे वडील मी नऊ वर्षांची असताना गेले, त्यामुळे ते मला फार गोड लागलं. तो सगळ्यांनाच बाळ म्हणतो, रोपं न्यायला आलेल्या मामलेदारांनाही, हे कळलं तेव्हा मी हसले होते. आता हसू येत नाही.

त्याची शिकवायची तऱ्हा वेगळी होती. आधी झाड दाखवायचा. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, देठाला पंख आहे का, कोवळी डहाळी गोल की चौकोनी, हे सगळं बोट लावून बघायला सांगायचा. मोसंबीच्या देठाला बारीक पंख असतो आणि पपनसाच्या देठाला केवढा मोठा, हे मी तिथे शिकले. मग म्हणायचा, "डोळं मीट. हात फुडं कर." तळहातावर तो एक पान चुरडून ठेवायचा आणि कानाशी येऊन झाडाचं नाव सांगायचा.

"बकाण," मी पहिल्यांदा त्याच्यामागून म्हणाले. "ओळखलं."

"वळखलं म्हनू न्हाई. घेतलं म्हन."

"घेतलं."

एवढं झालं की ते झाड माझं. खरोखर माझं. त्यानंतर रस्त्याने टांग्यातून जातानाही मला बकाण लांबून हाक मारल्यासारखा दिसायचा. पाढे पाठ करून घेण्यात उभी हयात गेलेल्या मला ही पद्धत भलतीच पसंत पडली. चुकणं नाही, घोकणं नाही.

सूर्यभानची बायको छबूबाई आमच्यासाठी भाकरी घेऊन यायची. एकदा ती मला म्हणाली, "नाव दिलं की देनाऱ्याकडनं जातं, बाई. ह्यांच्या गुरूचंबी तसंच झाल्तं." झाडपाल्याची औषधं देणारे लोक नावं सांगत नाहीत, सांगितली की गुण जातो, ही समजूत आमच्याकडे जुनीच आहे. मी ती लहानपणापासून ऐकत आले आणि शाळेत शिकलेली म्हणून तिला हसत आले. तरीही मी सूर्यभानला विचारलं, माझ्यापायी तुमचं काही जात असेल तर नको. तो म्हणाला, "जाऊ दे. लई झालं माझ्याकडं." मला वाटलं, केवढं मोठं मन. जायचं असेल तर देणाऱ्याचंच जाईल, असं मी धरून चालले. घेणाऱ्याचं काय जातं, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

फेब्रुवारीपर्यंत माझी बावीस झाडं झाली. जंबेरी लिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरून कलम करायला शिकले. सालीला उभी चीर द्यायची, तिच्या डोक्यावर आडवी, चाकूच्या टोकाने साल सोडवून आत डोळा सरकवायचा आणि केळीच्या सोपटाने बांधून टाकायचं. तीन आठवड्यांनी डोळ्याखालच्या वाळक्या देठाला बोट लावायचं. तो अलगद गळून पडला तर डोळा धरला. माझा पहिला देठ गळून पडला त्या दिवशी मला सात वर्षांच्या मास्तरकीत कधी झाला नव्हता एवढा आनंद झाला.

त्याच आठवड्यात कापडबाजारात एका बाईने मला थांबवलं. बांगड्या भरून घ्यायला आला नाहीत बरेच दिवस, म्हणाली. मी तिच्याकडे बघत राहिले. नाक दिसत होतं, डोळे दिसत होते, कुंकू दिसत होतं, पण त्यांची बेरीज होत नव्हती. तिने टोपली उतरवल्यावर कळलं की ही बनुबाई, जिच्याकडून मी दहा वर्षं बांगड्या भरतेय.

दमले असेन, असं मी म्हटलं. मार्चात शाळेतल्या दोघी शिक्षिका गेल्या. गेल्या म्हणजे रोज समोर होत्या, पण मला त्या लुगड्यांवरून ओळखाव्या लागत. मी दवाखान्यात जाऊन डोळे तपासून घेतले. डॉक्टरीणबाईंनी पाटीवरची सगळ्यात बारीक ओळ वाचायला लावली आणि मी ती वाचली. रक्त कमी आहे, त्या म्हणाल्या, पालेभाज्या खा. मी पालेभाज्या खाल्ल्या आणि त्या कोणत्या कुळातल्या हेही वहीत लिहून ठेवलं.

मे महिन्यात दार वाजलं. दारात एक जाडसर बाई पिशवी घेऊन उभी होती.

"कोण हवंय आपल्याला?" मी विचारलं.

ती हसली. मी हसले नाही, तेव्हा तिचंही हसू गेलं. ती मरियममावशी होती, आईची सख्खी बहीण. माझ्या वेळचं आईचं बाळंतपण तिने केलं होतं.

दोन दिवसांनी बागेत फांदीला ओल्या मातीची गुटी बांधताना सूर्यभान सहज म्हणाला, "मरियममावशीचा गुडगा कसा हाय?" मावशीचं नाव मी त्याच्यापाशी कधी काढलं होतं, मला आठवेना. काढलं असेल, मी म्हटलं. एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसायचं. त्या दिवशी तो एका कुंडीला मन लावून पाणी घालत होता आणि कुंडीत नुसतं गवत होतं. पलीकडच्या वाफ्यातली पपईची रोपं त्याने तण म्हणून उपटून टाकली होती. छबूबाई ती परत लावत होती.

डेव्हिडबद्दल मात्र मी त्याला स्वतःहून सांगितलं होतं. तो इतक्या आस्थेने विचारायचा. चेहरा नीट ध्यानात हाय ना, बाळ? डोळं कसं हायत? हसतो कसा? मी सांगायची आणि सांगताना रडायची. तो मुंडाशाच्या शेवाने माझे डोळे पुसायचा. जगात आईखालोखाल मी कुणावर विश्वास ठेवला असेल तर त्या माणसावर.

सप्टेंबरात लढाई संपली. कैदी सुटतायत असं वर्तमानपत्रात आलं. आई दर गाडीच्या वेळेला स्टेशनवर जाऊन उभी राहू लागली. माझी नव्याण्णव झाडं झाली होती. नव्याण्णवावं मेढशिंगी. ते ज्या दिवशी घेतलं त्या संध्याकाळी मी घरी आले. ओट्यावर एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. शेजारची कुणी आली असेल असं वाटलं.

"आई कुठे गेली?" मी विचारलं.

म्हातारीने मान वर केली. मग म्हणाली, "सारे, असं गं काय बोलतेस?"

आवाज आईचा होता.

मी रात्रभर तिच्या कुशीत डोळे मिटून पडून राहिले. डोळे मिटले की ती आई होती. उघडले की एक परकी म्हातारी मला थोपटत होती.

सकाळी मी बागेत गेले. मी तोंड उघडायच्या आधीच सूर्यभान म्हणाला, "दयाबाईचा भाजल्याला हात थंडीत आखडत आसंल, न्हाई? कपाळ केवढं रुंद हाय तिचं. हसती कशी, डावीकडंच." तो स्वतःशी हसत होता. दयाबाई म्हणजे माझी आई; तिने बागेत कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिचा हात चुलीवर भाजला होता, ते कुणाला दिसू नये म्हणून ती मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालते.

माझ्या हातात कुंडी होती. ती मी त्याच्या पायाशी आपटली.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"व्हय."

"पहिल्या दिवसापासून?"

"व्हय." तो खाली बसून खापऱ्या गोळा करायला लागला. "मीबी आसंच घेतल्यालं, बाळ, बारक्या वयात. चाळीस वर्सं नुसती झाडंच दिसत्यात मला. मानूस दिसत न्हाई. तुझी मानसं लई ग्वाड हायत."

मी छबूबाईकडे वळले. इतके महिने तिने मला भाकरी वाढली होती, वर चटणी, वर कांदा फोडून दिला होता. ती पदर तोंडाशी धरून उभी होती.

"मला वाटलं, त्यांला मी दिसन," ती म्हणाली. "एवढी झाडं गेली तर आपसूक मी यीन. पर तुमचीच मानसं दिसत्यात त्यांला. मला आजून इचारत्यात, तू कोन म्हनून."

मला तिची कीव आली नाही. आजही येत नाही. दोघांनी मिळून मला फसवलं होतं, एकाने बाळ म्हणून आणि दुसरीने जेवू घालून.

मी हेडबाईंना सांगितलं की शंभर होणार नाहीत, माझी जागा दुसरीला द्या. त्यांनी कारण विचारलं. प्रकृती, मी म्हटलं. सूर्यभानला निरोप धाडला की आमच्या आळीत पाऊल टाकायचं नाही. घरी येऊन फोटो बघितला. डेव्हिड हसू दाबून माझ्याकडे बघत होता. तोच तो. माझ्याकडे आता तेवढा एकच चेहरा उरला होता, आणि तो मी कुणाला देणार नव्हते. रोज सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आधी मी तो बघून घ्यायची.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तार आली. डेव्हिड मुंबईत उतरला होता. मंगळवारी नगर.

आईने आळीतल्या सगळ्यांना उपकारस्तुतीच्या प्रार्थनेला बोलावलं. रविवारी दुपारी अंगणात वीसपंचवीस माणसं जमली. मला त्यातलं कुणीही ओळखू येत नव्हतं, पण ते माझ्या अंगवळणी पडलं होतं. आई उभी राहिली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. आम्हा ख्रिस्ती लोकांत काही जण हात जोडतात, काही जण तळहात वर करून मांडीवर ठेवतात. मी लहानपणापासून तळहात वर ठेवते.

आई प्रार्थना करत होती. हे दयाळू बापा, तू आमच्या लेकराला सिंहांच्या गुहेतून काढलंस. मी डोळे मिटून ऐकत होते. इतकी सुखी मी कित्येक वर्षांत नव्हते.

तळहातावर काहीतरी ओलसर पडलं. चुरडलेलं. उग्र वास.

"वायवर्णा, बाळ," कुणीतरी कानाशी म्हणालं.

"घेतलं," मी म्हणाले.

हजेरीला नाव पुकारलं की मुलं जशी हजर म्हणतात, तसं ते माझ्या तोंडून गेलं. नव्याण्णव वेळा म्हटलेलं. शब्द बाहेर पडल्यावर मी डोळे उघडले.

सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. फाटकातून एक उंच माणूस मुंडासं सावरत बाहेर जात होता.

मी आत धावले. भिंतीवर एका शिपायाचा फोटो होता.

मी आईला सांगितलं नाही. काय सांगणार होते? दोन दिवस मी फोटोसमोर बसून राहिले. हनुवटीवर खूण आहे, एवढं पाठ केलं. गणितासारखं. खूण असलेला तो डेव्हिड.

मंगळवारी दुपारी टांगा थांबला. मी आईच्या आधी फाटकाशी पोचले.

दोन जण उतरले. दोघंही खाकीत. दोघंही वाळून गेलेले. दोघांनाही छातीपर्यंत दाढी.

खूण कुठे शोधायची?

त्यातला एक माझ्याकडे बघून हसला. मी त्याच्या गळ्यात पडले. "डेव्हिड," मी म्हणाले, "डेव्या रे."

तो ताठ उभा राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, मी प्रभुदास. डेव्हिडबरोबर कैदेत होतो. खर्ड्याचा. उद्या गावी जाणार आहे."

दुसरा टांग्याच्या चाकाशी पिशवी धरून उभा होता. तो माझ्याकडे कसा बघत होता ते मला दिसलं. तेवढं मला दिसतं.

"डेव्या," रस्त्याच्या पलीकडून हाक आली. मळकं मुंडासं दिसलं; सूर्यभान येत होता, मागे छबूबाई. तो त्या दुसऱ्या माणसापाशी गेला आणि त्याचा चेहरा त्याने दोन्ही हातांत धरला. "किती वाळलास रं. हसू मातर तेच हाय."

"तुम्ही कोण, बाबा?" डेव्हिड म्हणाला.

"मी तुला बारका हुतास तवापासनं वळखतो."

आणि डेव्हिड त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. आई धावत आली आणि तीही त्या दोघांना मिठी मारून रडली. मी फाटकाशी उभी होते.

जेवताना सूर्यभान पाटावर बसला. आई त्याला आग्रह करकरून वाढत होती. घरचं कुणी आल्यासारखं वाटतं, म्हणाली. छबूबाई दाराशी जेवली. सूर्यभानने ताटातली मेथी उचलून हे काय म्हणून विचारलं, तेव्हा सगळे हसले.

डेव्हिड माझ्याशी बोलायला आला तो जेवणं झाल्यावर. आवाज घोगरा झाला होता. मला तोही नवाच वाटला.

"कैदेत आम्ही एक ठरवलं होतं," तो म्हणाला. "अंधार पडला की घरच्यांचे चेहरे आठवायचे. आधी आईचा, मग तुझा. एक जरी विसरला तर आपण परत जात नाही, असं. मी एक दिवस चुकवला नाही, ताई."

मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"तू?"

"रोज फोटो बघायची," मी म्हणाले. ते खरं होतं.

"तीबी लई आठवायची तुला," सूर्यभान ओसरीवरून म्हणाला. "मला ठावं हाय."

डेव्हिडने मान हलवली, पण माझ्याकडे बघून नाही.

झोपायच्या आधी मी लक्षात ठेवलं की निळ्या सदऱ्यातला डेव्हिड आणि पांढऱ्या सदऱ्यातला प्रभुदास. सकाळी त्याला त्याच्या नावाने हाक मारायची, जवळ बसवून चहा द्यायचा, कालचं सगळं पुसून काढायचं, असं ठरवून मी झोपले.

सकाळी मी चहाचा कप घेऊन दारात आले. दोघं अंगणात पाठमोरे उभे होते. माझी चाहूल लागून ते वळले. दोघांनीही सदरे काढून दोरीवर टाकले होते. दोघंही दात घासत होते, म्हणून बोलत नव्हते. दोघंही माझ्याकडे बघत होते आणि मी कुणाला हाक मारते याची वाट बघत होते.

एकाच्या तोंडात बाभळीची काडी होती, दुसऱ्याच्या करंजाची. एवढं मला दारातूनच ओळखता आलं.